पातेल्याचा तळ

जन्म माझा येवल्याकडच्या एका खेड्यातला, बाप कांद्याच्या चाळीवर मजूर, आई त्याच्यासंगं कांदे निवडायला, आणि आम्ही बौद्ध, म्हणजे गावातल्या हॉटेलाबाहेर आमच्या कपबशा वेगळ्या, फळीवर पालथ्या घातलेल्या, चहा प्यायचा आणि आपली कपबशी आपण धुऊन परत ठेवायची. हे आधीच सांगून ठेवते ताई, कारण पुढं मी जो गाढवपणा केला त्याची सुरुवात त्या फळीवर हाय.

लग्न करून नाशकात आले. आमचे मालक तिथल्या द्वारका चौकात ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाल होते. चाळिशी गाठली तेव्हा मी गोदामाच्या तोंडाशी मिसळीची गाडी लावली, आणि काय सांगू तुम्हाला, पहिल्या दिवशी कुठले कुठले ड्रायव्हर माझ्या हातचं खाऊन अजून कट घाल मावशी म्हणाले ना, तेव्हा मी गाडीमागं तोंड करून रडले. कांदा चिरतेय असं दाखवलं. कांदा तर सकाळीच चिरून ठेवलेला.

आता माझी अक्कल ऐका. आत्याबाई, म्हणजे माझी सासू, घरी कालवण उरलं की दुसऱ्या दिवशीच्या कालवणात ढकलायची, वाटीभर. त्यानं चव मुरते म्हणायची. मी तिच्यावर कडी केली. रोज रात्री पाव पातेलं रस्सा मागं ठेवायचा, सकाळी त्यातच नवा मसाला, नवी मटकी, नवं पाणी, दुधाला विरजण लावतात तसं. पातेलं धुवायचं नाय, बाहेरनं फक्त घासायचं, चकचकीत. सात वर्षं त्या पातेल्याचा तळ मी पाहिला नव्हता ताई, आणि त्याचा मला गर्व! शेजारची वडेवाली विचारायची, एवढी चव कशी गं येते, तर मी म्हणायची, हाताची करणी हाय. लय शहाणी होते मी.

एक दिवस अन्नखात्याच्या मॅडम आल्या. सुती साडी, खांद्याला पिशवी, चेहरा असा की हसू घरी ठेवून आल्यात. पाणी कुठलं भरता, हात कशात धुता, परवाना कुठंय, सगळं विचारलं आणि मग पळी घेऊन पातेल्यात खाली घातली आणि खरवडली. वर आलं ते काळं होतं. हे कधीचं, म्हणाल्या. मी म्हणलं, ते विरजण हाय. त्या म्हणाल्या, मिसळीला?

तिथं चार ड्रायव्हर खात होते, ते माझ्या बाजूनं उठले. एक सरदारजी होता, नेहमीचा, तो म्हणाला, मॅडम, पेट हमारा, मर्जी हमारी, सरकारला काय करायचंय? मला असा जोर आला! मी म्हणलं, विचारा, विचारा ह्यांना, कुणी जबरदस्ती केली का खायला? तर मॅडम शांतपणे त्यालाच म्हणाल्या, भाऊ, तुमच्या ताटलीत मागच्या कितीतरी दिवसांचा रस्सा आहे, हे ठाऊक असून खाताय ना, मग खा, माझं काही म्हणणं नाही. ताई, त्याचा चमचा तिथंच थांबला. माझ्याकडं बघितलं त्यानं. रागानं नाय, रागानं बघितलं असतं तर बरं. ताटली हळूच कठड्यावर ठेवली आणि हात धुवायला गेला. मी कुणाला कधी सांगितलंच नव्हतं ना, मग मर्जी कसली आणि कुणाची!

पण त्या वेळी हे कळायला डोकं लागतं, ते माझ्याकडं नव्हतं. मला दिसली ती फळी आणि पालथ्या कपबशा. मी भर रस्त्यात ओरडले, आमच्या हातचं घाण वाटतं तुम्हाला, सरळ सांगा ना! मॅडमनी पळी खाली ठेवली. मग म्हणाल्या, पातेलं घासा, रोज ताजा रस्सा करा, ज्या दिवशी कराल त्या दिवशी मी येऊन खाईन. आणि कागद हातात दिला, पंधरा दिवसांत सुधारणा करा, नायतर गाडी बंद.

मी सुधारणा काय केली सांगू? रस्सा डब्यात भरून घरी पळवला. वैशाखाचं ऊन, पत्र्याची खोली, फ्रीज नाय, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी, सरकारला दाखवून द्यायला म्हणून, मी एकटीनं दोन पावांबरोबर तो डबा रिकामा केला. मालक म्हणाले, अगं आंबूस वास येतोय. मी म्हणलं, माझं पोट, माझी मर्जी. दिवस मावळायच्या आत मी दवाखान्यात, हाताला सलाईन, बाटली भिंतीच्या खिळ्याला टांगलेली. मालक उशाशी बसून म्हणतात कसे, निघाली सरकारला हरवायला आणि खिळ्याला टांगली! हसू येत होतं पण हसलं की पोटात कळ यायची. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, हे त्या सरदारजीनं खाल्लं असतं तर? मी भिंतीकडं तोंड केलं. ह्या खेपेला कांदा नव्हता हाताशी.

उठले तशी पातेलं घासायला बसले. राख, चिंच, विळ्याचं टोक, दोन दिवस लागले. तळ निघाला तर त्यावर आत्याबाईचं नाव कोरलेलं, तिनंच दिलेलं पातेलं, मी विसरूनच गेले होते.

पंधराव्या दिवशी मॅडम आल्या. पातेल्यात वाकून बघितलं, पाणी बघितलं आणि बाकड्यावर बसल्या. एक प्लेट द्या, म्हणाल्या. शेव घालताना निम्मी बाहेरच सांडली. त्यांनी खाल्लं, नाक पुसलं, कपाळ पुसलं आणि ताटली पुढं केली, थोडा कट घाला की. तेव्हा मी काय केलं असेल? कांदा चिरायला घेतला.

सरदारजी महिन्यानं आला. आधी विचारलं, मावशी, आजचाच ना? मग बसला. चव थोडी कमी झाली म्हणाला, खोटं कशाला सांगू. पण येत राहिला.

आता गाडी सून बघते, उज्ज्वला, परवाना चौकटीत लावलाय. मला बीपी, म्हणून घरात माझं अन्नखातं तीच. पापड दिसला की उचलते. मी म्हणते, माझं ताट, माझी मर्जी. ती म्हणते, आत्याबाई, डब्याची गोष्ट सांगू का सगळ्यांना? मग मी हात आवरते. एखादा पापड तरी लपवून खातेच, तो मात्र ताजा असतो!

त्या मॅडम कुठं असतील, सुखात असोत, त्यांच्या लेकराबाळांना चांगलं ताजं खायला मिळो. दुपारी दीडला रस्सा संपतो, उज्ज्वला पातेलं घासून उन्हात पालथं घालते, आणि मी तिथं खुर्ची टाकून बसते.