पट्ट्यावरची जाळी

नाही नाही, चप्पल राहू द्या, फरशी तशीही धुवायचीच आहे — बसा ना, पंख्याखाली बसा. त्या खुर्चीत नको. म्हणजे बसलात तरी चालते, पण तिचा एक पाय हलतो, यांनाच तिच्यावर तोल सांभाळून बसता यायचं. हां, इथं. तर तुम्ही विचारत होता, बातमी कशी आली. साधा दिवस होता, भाऊ. अंगणवाडीत मी पोरांची वजनं घेत होते — वजनाच्या दिवशी पोरं रडतात, काट्यावर उभीच राहत नाहीत, एकाला धरलं की दुसरं पळते — आणि फोन खिचडीच्या गंजाजवळ ठेवलेला. वाजला. पाहिलं तर रामसिंग, यांच्या कापसाच्या जिनिंगचा चौकीदार. रामसिंगचा फोन म्हणजे काय, 'वहिनी, पट्टा उतरला, मिस्त्रीले उशीर होईल,' एवढंच असायचं. म्हणून उचललाच नाही. सोनू नावाची एक पोरगी मोठ्या मुश्किलीनं काट्यावर उभी झाली होती, म्हटलं हिचं होऊ दे. झालं. परत वाजला. मग उचलला. 'वहिनी, मिस्त्रीचा हात गेला जी.' मी म्हटलं, कुठं गेला? — असंच म्हटलं मी. हात गेला म्हणजे मला कळलंच नाही. जसा काही बाजारात गेला.

पाणी घ्या. चहाही टाकते, दूध आहे. नाही म्हणू नका. फक्त एक ध्यानात ठेवा, भोंगा व्हायच्या आत तुम्हाला निघायचं आहे. भोंगा झाला की कपिल येते — कपिल म्हणजे माझा मुलगा. बाबांच्या जागेवर आता तोच जाते, त्याच जिनिंगमध्ये, मिस्त्री म्हणूनच. यांच्या पुण्यानुमोदनाला शेठ स्वतः आले होते, मेणबत्ती लावली, फुलं वाहिली, आणि बाहेर मांडवात कपिलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'राजदीप मिस्त्रीची जागा मी दुसऱ्या कोणाले देणार नाही.' सगळे म्हणाले, माणूस असावा तर असा. मीही म्हटलं. आयटीआय होऊन पोरगा घरी बसला होता, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कुठं कुठं फिरून आला होता — काहून नाही म्हणणार मी? तर त्याच्यासमोर हा विषय नको. तो बोलत नाही यावर. हातपाय धुते, जेवते, झोपते. झोपेत मात्र उजवा हात पोटाखाली घेऊन झोपते, लहानपणी असा झोपत नव्हता.

हां, जाळी. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं. कोणी उघडली, आणि आता लावली का. सांगते. आधी कोणी उघडली ते सांगते. तुम्ही कारखाने पाहता, तुम्हाला काय सांगायचं — मोटारीवरून पट्टा फिरते, त्याच्यावर लोखंडी जाळी असते, माणसाचा हात, गमछा, बाईचा पदर आत जाऊ नये म्हणून. ती होती. चांगली होती, हिरव्या रंगाची, यांनीच रंगवलेली. पण हंगाम उघडते तेव्हा जिनिंगमध्ये पूजा असते. कापसाची पहिली गाडी आली की त्या शेतकऱ्याला शेला, नारळ, सगळ्यांना पेढे. आणि शेठच्या आई येतात, मोठ्या बाई. वय झालं त्यांचं, दोघी धरून आणतात, पण मशीनची पूजा त्याच करतात. त्या जाळीला कुंकू लावत नाहीत. म्हणतात, 'जाळीले कायले लावता, जे फिरते त्याले लावा.' मग जाळी उघडायची, चाकाला हळद-कुंकू, आणि वरच्या लोखंडाला झेंडूची माळ. आणि ती माळ काढायची नाही, भाऊ. ती आपली आपण सुकून पडली पाहिजे. हातानं काढली तर हंगाम मोडते म्हणतात, कापूस यायचा थांबते. आता माळ आहे तोवर जाळी बसत नाही, फुलं दबतात ना खाली. म्हणून दरवर्षी हंगामाचे पहिले दिवस पट्टा उघडाच. शेठला माहीत, मुनीमजीला माहीत, सरकी उचलणाऱ्या बायांना माहीत. त्या पदर खोचून तिथून जातात, आणि एकमेकींना म्हणतात, 'सांभाळ वं, नाहीतर पट्टा नवरीसारखी ओढून नेईन.' हसतात. मीही हसली होती ऐकून.

उघडायचे कोण? हेच. मिस्त्री ना. मी एकदा म्हटलं, आपण बौद्ध माणसं, तुम्ही त्यांच्या पूजेत काहून हात घालता? तर म्हणाले, 'पूजा त्याईची, पाना माहा.' असं बोलायचे. जास्त बोलायचे नाहीत, पण बोलले की तसंच.

आणि त्या दिवशी माळेचा दोरा सुटला. एका बाजूनं लोंबायला लागला, पट्ट्याच्या वाऱ्यानं हलायला लागला. यांनी पाहिलं. मोटार बंद करायची होती — हो, तेच म्हणतात सगळे, मोटार बंद करायची होती. मोटार बंद केली की पूर्ण लाइन थांबते, बाया बसून राहतात, शेठ ऑफिसातून बाहेर येते. म्हणून चालू पट्ट्यावरून हात घातला. माळ तोडायला नाही हं. तोडली असती तर एका झटक्याचं काम होतं. दोरा परत बांधायला घातला. जिनं त्यांच्या हातचं पाणी कधी घेतलं नाही त्या म्हातारीची माळ पडू नये म्हणून. आणि बांधला — रामसिंगनं पाहिली गाठ, पक्की गाठ मारली. गाठ मारून हात मागं घेताना बाही पट्ट्यात गेली. आता तुम्ही मले सांगा, हे काम होतं का? मशीनचं काम, का पूजेचं? तुमच्या भरपाईच्या कायद्यात आहे ना ते, अपघात कामावर असताना आणि कामामुळे, दोन्ही पाह्यजे. कामावर तर होते. कामामुळे होतं का? दोरा पट्ट्यात गेला असता तर पट्टा उतरला असता, म्हणजे कामच झालं ना? वकील म्हणते, झालं. मी म्हणते, झालं. तुम्ही मान हलवली, म्हणजे तुम्हीही म्हणता, झालं.

कायदा मला दवाखान्याच्या व्हरांड्यात पाठ झाला, नागपूरला. तुमच्या विमा कंपनीचे आधीचे साहेब तिथं यायचे. चांगले होते, सफरचंदं घेऊन यायचे. आणि विचारायचे, जाळी कोणी उघडली. मला कळेना, एवढं काय आहे त्या जाळीत. मग वकिलानं समजावलं. चूक कोणाची ते यात पाहत नाहीत, मजूर कामावर जखमी झाला तर मालकानं द्यायचं, मालकानं विमा काढला असेल तर कंपनीनं द्यायचं. पण जीव वाचावा म्हणून लावलेली जाळी माणसानं स्वतः होऊन, जाणूनबुजून काढली असेल, तर कंपनीला भांडता येते. हात गेला असेल तर भांडता येते. जीव गेला तर नाही. कायद्यात तसंच आहे, नाही का? हात गेला तर प्रश्न आहे, माणूस गेला की प्रश्न संपला. मी यांना म्हटलं, सांगा ना, शेठनं उघडायला सांगितली म्हणून. खोटं थोडंच आहे ते? तर पट्टी बांधलेल्या हाताकडं पाहत म्हणाले, 'खोलली तं म्याच. पाना माह्याच हातात होता.' मी रागावली. दवाखान्यात, बाजूच्या खाटेवरचे लोक ऐकून राह्यले, आणि मी रागावून राह्यली, की तुमच्या या खरं बोलण्यानं पोरगा उपाशी मरेल. मग जखम आतून पिकत गेली. विष रक्तात गेलं म्हणाले डॉक्टर. आणि एका सकाळी तुमच्या साहेबांचा प्रश्न मिटला. ते परत आले नाहीत. यायचं कामच उरलं नव्हतं; आता तुम्ही आले ते मरणाच्या दाव्याच्या कागदांसाठी.

चहा घ्या ना. साखर कमी आहे का? यांच्या सवयीनं टाकते मी अजून, कमीच.

शेठ वाईट नाहीत, तसं लिहू नका कुठं. विम्याचा हप्ता चुकवत नाहीत. जिनिंग हंगामी कारखाना, त्याला सरकारी विम्याचं कार्ड लागत नाही, म्हणून शेठनं हा काढला. कितीक ठिकाणी तोही नसते. तिथं माणूस पडला की मालकाच्या खिशातून काढायचं, आणि मालक म्हणते, हा माझा माणूसच नाही, ठेकेदाराचा आहे. इथं तसं झालं नाही. पैसे कोर्टात जमा होतील, कोर्टाचेच साहेब वाटणी करतील, कपिलची आजी आहे, मी आहे, सगळं पाहतील — ते बरं आहे, नाहीतर भाऊबंदकीत गेलं असतं. हे सगळं चांगलं आहे. मी नाही म्हणत नाही. पण कपिल लागला तेव्हा मी मुनीमजीकडे गेली. म्हटलं, पोराचं नाव टाकलं का विम्यात? हसला तो. म्हणाला, 'वहिनी, नावं नाही लागत. माणसं किती, पगार किती, एवढं सांगा लागते. मिस्त्री एक. पह्यले बी एक होता, आता बी एक आहे. काही बदलवाचं कामच नाही.' खरंच आहे त्याचं. मी तिथून पायी घरी आली. रस्ताभर तेच. मिस्त्री एक. कोण गेला, कोण आला, त्याचं काही नाही, एक आहे.

तुम्ही घड्याळ पाहू नका, भोंग्याले वेळ आहे. मीच सांगेन उठायला.

एक गोष्ट सांगू? लिहायची नाही. हे कामावरून आले की दारात उभे राहून गमछ्यानं अंग झटकायचे. कापसाची रुई असते ना, बारीक, भुवयांत, कानात, मानेवर. फट, फट, फट. मग आत. यांना नेऊन आलो त्या संध्याकाळी मी इथंच बसली होती, घरात माणसंच माणसं, आणि दारात झटकल्याचा आवाज आला. कोणी पाहिलं नाही तिकडं. मी पाहिलं. कोणी नव्हतं. उंबऱ्यावर थोडी रुई होती — पण ती तर आमच्या घरात कुठंही सापडते, डाळीतसुद्धा सापडते. मी काही मानणारी बाई नाही, भाऊ. पोरांना शिकवते मी, भूत नसते म्हणून. आता कपिलही तसाच झटकते, बापासारखा, तसाच तीनदा. भुवया पांढऱ्या करून दारात उभा राहते तेव्हा मी पटकन मान खाली घालते. पण कधी कधी आवाज आधी येते. भोंगा व्हायच्या आधी. फट, फट, फट. मी दार उघडते, कोणी नसते. मग भोंगा होते, मग कपिल येते. आधी मला वाटायचं, मला भेटायला येतात. आता तसं वाटत नाही. ते घरात येतच नाहीत. पोरगा आला का, एवढं पाहून जातात.

आता लावली का, असंच विचारलं ना तुम्ही? लावली असेल असं धरून चला ना. तुमच्या कामाला काय लागते ते? या केसमध्ये तर आता ते लागतही नाही.

माळ सुकली केव्हाची. पडत नाही, कारण यांनी गाठ पक्की मारली. मोठ्या बाई म्हणाल्या, जिनं माणूस घेतला तिले आता कोणी हात लावू नका, थे दुसरा घेईन. मग कोण लावते हात? बाया तिकडून जातच नाहीत. शेठ म्हणते, हंगामानंतर पूजा घालून शांत करू. मी कपिलला म्हटलं, बेटा, तुझ्याजवळ पाना आहे, मोटार बंद कर, माळ काढ, जाळी बसव, चार बोल्टाचं काम आहे. आपल्याला कुठं देव लागून गेला! माझ्याकडं पाहिलं त्यानं. 'आई, थे गाठ बाबाची हाय. म्या नाही सोडत.' बस, एवढंच. आणि रोज त्या पट्ट्याला तेल तोच देते. आणि तुमच्या कंपनीत तो एक आहेच, मोजलेला आहे, त्याची काही काळजी नाही.

हे तुम्ही लिहिलं तर तुमची कंपनी शेठला पत्र पाठवेल. शेठ म्हणेल, घरातलंच कोणी बोललं. पोराची जागा जाईल, आणि पोरगा मला विचारेल, काहून बोलली. म्हणून मी बोलणार नव्हती. चहा देऊन पाठवणार होती तुम्हाला.

थांबा. ऐकलं का? — नाही, भोंगा नाही. दारात. ऐकलं ना तुम्ही? तुम्ही दाराकडे पाहिलं, मी पाहिलं तुम्हाला पाहताना.

नाही, उघडू नका. कोणी नसते.

उठा आता. कप तिथंच राहू द्या. गाडी समोरच्या रस्त्यानं नेऊ नका, पाळी सुटते, लोक ओळखतात — मागच्या गल्लीनं जा. आणि लिहा. माझं नाव टाका, नका टाकू, तुम्ही पाहा, पण लिहा, मी सांगितलं तसंच लिहा: जाळी अजून लावलेली नाही.