जस्ताची वडी

लढाई संपली त्या वर्षी नगर स्टेशनात दौंडची गाडी लांबली होती. माझ्या बाकावर मुंबईच्या गोदीत परत निघालेला शांतवन आणि त्याला पोचवायला आलेली थोरली बहीण मरिया बसले होते.

“जहाजाचं एवढं लोखंड खाऱ्या पान्यात गंजत न्हाई व्हय रं?”

“जहाजाच्या पोटाला जस्ताच्या वड्या लावत्यात, आक्का. पान्यातून बारीक वीज खेळती. मग समिंदर जस्त खातो, लोखंड सोडतो.”

“गपचूप?”

“गपचूप. जहाज सुक्या गोदीत घेतलं की वडी बघायची. मधाच्या पोळ्यावानी झालेली असती.”

“बिचारी. तिला रंग तरी द्यावा.”

“न्हाई गं! एका नव्या रंगाऱ्यानं दिला हुता, चांगली दिसावी म्हनून. वडी तशीच ऱ्हायली, समिंदरानं जहाजाचं पोट खाल्लं.”

“आन् वडी संपल्यावर?”

“दुसरी लावत्यात.”

“जहाजाला कळतं?”

“त्ये कुठं लांब पान्यावर असतंय.”

“बा अंथरुनातून इचारंल, शांतवन कवा येनार?”

“पुढल्या नाताळाला. आक्का, म्या आनलेलं त्ये नवं लुगडं नेस गं. सोताकडं बी बघ जरा.”

“तुज्या पिशवीत परत घातलंय.”

“का? आवडलं न्हाई?”

“लई आवडलं. नेसून बसले तर बाला कोन बघंल? चढ, गाडी हालली.”