प्रवासाचे ठिकाण तोंडी न सांगितल्याबाबत

नाव : विनिता रामनाथ वैती. वय : २३ वर्षे. शिक्षण : बी.कॉम. व्यवसाय : नोकरी, अंधेरी पूर्व येथे खाजगी कार्यालयात अकाउंट्स सहायक. राहणार : कोळीवाडा, वर्सोवा, मुंबई.

माझी पोलीस ठाण्यात विचारपूस झाली. त्यावरून मी स्वतः, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, सांगते ते असे :

मी वरील पत्त्यावर आई मथुरा, वडील रामनाथ व धाकटा भाऊ परेश यांच्यासह राहते. वडिलांची स्वतःची बोट आहे. आई बाजारात मासे विकते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मला विचारले नव्हते, पण लिहून घ्यावे अशी मी विनंती केली. ती उपनिरीक्षक श्रुतिका मॅडमनी मान्य केली.

गेल्या वर्षी आईच्या नेहमीच्या गिऱ्हाईक असलेल्या एक बाई परदेश फिरून आल्या. तिकडे समुद्राकाठी पहाटे मासळीबाजार भरतो आणि तो सगळा बायकाच चालवतात, असे त्यांनी आईला सांगितले. आईने विचारले, त्या बाया ओरडतात का? बाईंना ते आठवत नव्हते. त्यानंतर आईने तोच प्रश्न मला घरी बरेच दिवस विचारला. मी मोबाईलवर व्हिडिओ दाखवले, पण त्यांवर गाणी लावलेली होती आणि बायांचा आवाज ऐकू येत नव्हता. मी पदवीधर झाले तेव्हा आईने माझ्याकडे काहीही मागितले नव्हते. म्हणून, आपण जाऊन ऐकू, असे मी म्हटले.

परदेश फक्त श्रीमंतांनी बघायचा असतो असे मला वाटत नाही. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि बायकांना सवड असते. तिकडे फिरायला जाणाऱ्यांची गर्दीही याच दिवसांत कमी असते, त्यामुळे तिकिटे व खोल्या स्वस्त मिळतात. हे ऐकून माझी चुलती नंदाकाकी आणि बाजारात आईच्या शेजारी बसणाऱ्या शुभामावशी याही यायला तयार झाल्या. चौघींची तिकिटे मी काढली. जायचे तिकीट एका कंपनीचे आणि परतीचे दुसऱ्या कंपनीचे घेतले, कारण तसे स्वस्त पडते. त्यामुळे जाण्याचे व येण्याचे कागद वेगवेगळे आहेत. त्यातून पुढचा घोटाळा झाला.

या तिकिटात सात किलोची हातातली बॅग तेवढी चालते. जास्त भरले तर विमानतळावर जो आकार लावतात त्यात सगळी बचत जाते. तिघींपैकी कोणीही आजवर विमानात बसलेले नाही. म्हणून मी किनाऱ्यावरच्या, जाळी शिवायच्या शेडमध्ये तालीम ठेवली. जाळ्याची दोरी बांधून रांग केली. मासळीच्या काट्यावर बॅगा तोलल्या. परेश सुरक्षा अधिकारी झाला. त्याच्या हातात मच्छर मारायची बॅट होती. ती बंद ठेवण्याची सूचना मी दिली होती, तरी त्याने शुभामावशींच्या बांगड्यांजवळ ती एकदा चालू केली. मावशींनी त्याला रांगेतून बाहेर हाकलले आणि स्वतःच अधिकारी झाल्या.

तालमीत आईच्या बॅगेतून एक नारळ, मसाल्याची बरणी आणि मासे कापायचा कोयता काढावा लागला. नारळ तिकडच्या समुद्राला द्यायचा होता. कोयता कशाला, असे विचारल्यावर आई म्हणाली की तो नसला तर हात रिकामा वाटतो. नंदाकाकीच्या बॅगेत लोखंडी एक किलोचे वजन निघाले. ती म्हणाली, तिकडच्या काट्यावर माझा विश्वास नाही. मी ते काढून घरी ठेवले.

एका गोष्टीची तालीम मात्र जमत नव्हती. विमानतळावर अधिकारी विचारतात, कुठे चाललात? परेशने हे आईला विचारताच आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. आमच्या घरी समुद्रावर निघालेल्या माणसाला कुठे चाललास असे कधी विचारत नाहीत आणि जाणाराही सांगत नाही. सांगितले तर माणूस परत येत नाही असे मानतात. मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे, मी हे मानत नाही. पण आईला बोलायला लावणे मला जमले नाही. म्हणून मी तोड काढली : कोणी कुठे असे विचारले की काही बोलायचे नाही, हसायचे आणि तिकिटाचा कागद पुढे करायचा. हे मी तिघींकडून पुष्कळदा करून घेतले.

शेडच्या मागच्या नव्या इमारतीत राहणारे श्री. सुशांत यांनी खिडकीतून हे काही दिवस पाहिले. एक तरुण मुलगी वयस्कर बायकांना रांगेत उभी करते, त्यांचे पासपोर्ट स्वतःजवळ ठेवते, कपड्यांवर कपडे चढवायला लावते आणि कोणी विचारले तर बोलू नका असे शिकवते, असे त्यांना दिसले. हे सर्व खरे आहे. कपडे वजन वाचवण्यासाठी होते. त्यांच्या कार्यालयात माणसे फसवून परदेशी नेण्याविषयी अलीकडेच व्याख्यान झाले होते. आज दुपारी आम्ही भरलेल्या बॅगा घेऊन शेवटची तालीम करत असताना त्यांनी पोलिसांना फोन केला.

थोड्या वेळाने महिला पोलीस शिपाई मानसी मॅडम व एक हवालदार शेडमध्ये आले. मानसी मॅडमनी आईला विचारले, "कुठे चाललात?"

आई, नंदाकाकी आणि शुभामावशी तिघी एकदम हसल्या आणि तिघींनी एकदम कागद पुढे केले. त्या कागदांवर फक्त जाण्याचे तिकीट होते. मॅडमनी आवाज चढवून विचारले, बोलायचं नाही असं कोणी शिकवलं? तिघींनी माझ्याकडे बोट दाखवले. मग मॅडमनी कुठे चाललात हाच प्रश्न मला विचारला. मी उत्तर देऊ शकत होते. पण आई माझ्याकडे बघत होती. मीही काही बोलले नाही.

आम्हाला बॅगांसह ठाण्यात आणले. पासपोर्ट जमा करून घेतले. विमान आज संध्याकाळचे आहे. परतीची तिकिटे माझ्या बॅगेत होती, ती मी दाखवली. श्रुतिका मॅडमनी ती पाहिली, पण म्हणाल्या की कागद कोणीही छापतो. आपण कुठे आणि कशासाठी चाललो हे प्रत्येकीने, मी जवळ नसताना, स्वतःच्या तोंडाने सांगितल्याशिवाय त्या कोणालाही सोडणार नाहीत. त्यांचे म्हणणे बरोबर होते. मला बाहेरच्या बाकावर बसवले. आत तिघी एकेक करून गेल्या आणि कोणीच सांगितले नाही. घड्याळाकडे बघू नये असे मी ठरवले होते. शुभामावशी बाहेर येऊन माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, पहिला मुक्काम बरा आहे, पंखा आहे. विमान गेलं तर गेलं, आमी उद्या बाजारात सांगू की जाऊन आलो.

मी तेव्हा काय बोलले ते मला आठवत नाही.

श्री. सुशांत तक्रारदार म्हणून ठाण्यात हजर होते. दार उघडे होते, आईचे गप्प बसणे त्यांना दिसत होते. त्यांचे गाव कोकणात आहे. त्यांनी मॅडमची परवानगी घेतली आणि दारातूनच आईला विचारले, "मावशी, लांब काय?"

आई म्हणाली, "लांब."

"परत कधी?"

"बोटी सुटायच्या आत."

श्री. सुशांत मॅडमना म्हणाले की, त्यांच्या आजीकडेही निघालेल्या माणसाला कुठे असे विचारत नसत, लांब काय एवढेच विचारत. हे त्यांना खिडकीतून दिसले नाही, आत्ता आठवले. मग श्रुतिका मॅडमनी प्रश्न बदलला. पोरगी तुम्हाला कशासाठी नेते आहे, असे त्यांनी आईला विचारले. आईचे उत्तर मी बाकावरून ऐकले. ते तिच्याच शब्दांत लिहावे अशी विनंती आहे :

"पोरगी मना नेत नाय गो बाय. मीच पोरीला नेतंय. तिकडचा बाजार बघाचाय."

ठिकाण बोलायचे नसेल तर दाखवा, असे मॅडमनी सांगितल्यावर आईने तिकिटावरच्या इंग्रजी नावावर बोट ठेवले. मग तिने त्यातले एकेक अक्षर बोटाने दाखवले. आईला इंग्रजी वाचता येत नाही. ती अक्षरे मी तिला शिकवली नव्हती. तिने ती परेशकडून शिकून घेतल्याचे मला ठाण्यातच समजले. नंदाकाकी व शुभामावशी यांनीही ठिकाण तसेच बोटाने दाखवले, आणि आपण आपल्या मर्जीने जात आहोत हे मात्र तोंडाने सांगितले, गरजेपेक्षा जास्त वेळा सांगितले. मॅडमनी त्यानंतर परतीच्या कंपनीला फोन करून तिकिटे खरी असल्याची खात्री केली आणि पासपोर्ट परत दिले. ते चौघींना वेगवेगळे दिले. जिचा पासपोर्ट तिच्याजवळ हवा आणि दुसरीच्या बॅगेत त्याची झेरॉक्स, अशी समज मला दिली. ती मी पाळीन.

सात किलोत इतके दिवस कसे भागते, असे श्रुतिका मॅडमनी मला विचारले. मी सांगितले की कपडे घडी न घालता गुंडाळायचे, जड कपडे अंगावर घालायचे, तेल व शाम्पू लहान बाटल्यांत भरून पारदर्शक पिशवीत वरच ठेवायचे, मोबाईलची पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची, पाण्याची बाटली रिकामी न्यायची आणि तपासणीनंतर आत भरून घ्यायची. खोली बाजाराजवळ घ्यायची म्हणजे गाडीभाडे वाचते. बॅग तोलताना पर्सही काट्यावर ठेवायची, कारण तीही मोजतात. मॅडमनी हे वेगळ्या कागदावर लिहून घेतले. त्यांच्या आईलाही जायचे आहे.

ठाण्यात बॅगा तपासताना नंदाकाकीच्या साडीच्या घडीत ते लोखंडी वजन पुन्हा सापडले. मी ते घरी ठेवले होते. ते कसे आले याबद्दल काकीने काही सांगितले नाही. पंख्याने कागद उडत होते म्हणून मॅडमनी ते या जबाबावर ठेवले आहे. आम्ही परत आल्यावर काकी ते घेऊन जाईल. पोच नको, असे ती म्हणाली.

श्री. सुशांत यांच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. त्यांना असे पुन्हा कधी दिसले तर त्यांनी पुन्हा फोन करावा. ते आत्ता बाहेर दोन रिक्षा थांबवून उभे आहेत आणि आईची बॅग त्यांच्या हातात आहे.

हा जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे मराठीत लिहिला असून आई जवळ उभी असताना मला वाचून दाखवला. तो बरोबर आहे. सोबत जोडलेल्या तिकिटाच्या प्रतीत ठिकाणाचे नाव आले तिथे मॅडम थांबल्या, त्यांनी त्यावर बोट ठेवले, मी मान हलवली, आणि त्या पुढच्या ओळीपासून वाचू लागल्या.

सही / विनिता रामनाथ वैती