विमानात चंद्र उगवत नाही

मंडळी, एक विचारतो. उपास धरायचा तो कुणासाठी? देवासाठी? अहो, देवाला काय कमी आहे! मग? — थांबा, लगेच माना डोलावू नका. कीर्तनाला उभं राहून माझाही आज गळा बसलाय, पाय बोलताहेत. पण ऐका.

संगमनेरच्या कुमुदताई धारप. लेक ऋजुता दिली टोरांटोला. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर दिवस राहिले! तेव्हापासून ताईंची कडक संकष्टी — 'बाप्पा, पोरीची सुखरूप सुटका कर!' चंद्र पाहिल्याशिवाय तोंडात घास नाही. लेकीला आठवा लागला तशा तिचं बाळंतपण करायला निघाल्या, तर तिकीट आलं नेमकं संकष्टीचं!

ताईंनी तिकीट वाचलं. मुंबईहून दुपारी बाराला सुटणार, टोरांटोला संध्याकाळी साडेसहाला टेकणार. "हात्तिच्या! साडेसहा तास तर आहेत! लेकीकडे जाऊनच उपास सोडते."

हसताय काय? तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, हे तिकिटावर लिहितात होय? साडेबारा हजार किलोमीटर, मंडळी! सोळा तास!

विमान निघालं पश्चिमेला, सूर्याच्या मागे मागे. आता तो मावळेल तर शपथ! पाय सुजले, चपलेत मावेनात. जेवणाचा ट्रे आला, गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. वाढणारी मुलगी आपलीच, सांगलीकडची. ताई तिला म्हणाल्या, "चंद्र उगवला की सांग गं बाई."

"आजी, बाहेर अजून ऊन आहे हो! दोन घास खाऊन घ्या ना."

"नको गं. माझ्या पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे."

खिडकीची झडप उघडावी — लख्ख ऊन! मिटावी, डोळेही मिटावे. झोप कुठली! तिकडे संगमनेरात यजमान चंद्र बघून, मोदक हाणून, केव्हाच घोरायला लागले होते!

उतरल्या एकदाच्या. रांगेत उभं राहून राहून अंगातलं त्राण गेलं. बाहेर आल्या, तर ऋजुता कठड्याला धरून उभी. पांढरीफटक!

"अगं, काय हे! काय खाल्लंस सकाळपासून?"

"काही नाही. तू माझ्यासाठी उपाशी राहायचं आणि मी जेवायचं? मीपण धरलाय गं आज. इथे चंद्र अकराला आहे. दोघी मिळून सोडू."

ताईंच्या काळजात चर्र झालं. ज्या लेकरासाठी एवढा उपास, तेच पोटात उपाशी!

"वेडी का काय तू? खा आधी!"

"तू आधी."

आईवरच गेलेली ना! ताईंनी पिशवी उघडली. डिंकाचा लाडू काढला. आणि मंडळी — मोडून पहिला घास घातला स्वतःच्या तोंडात! भर उन्हात!

"आई! अगं, चंद्र!"

"बाप्पाला काय सांगायचं ते मी सांगते. तू आ कर."

लेकीनं घास घेतला, आणि दोघी तिथंच सामानाच्या गाडीला टेकून रडल्या.

आता तुमच्याकडे वळतो. तुमचा नेम मोठा, तुमची भक्ती मोठी — मान्य! पण तुम्ही जेवल्याशिवाय जेवत नाही, असं घरी कोण बसलंय? विचारलंत कधी? गजर करू मागाहून. आधी खिशातला फोन काढा, घरी लावा, आणि म्हणा — "माझी वाट बघू नकोस. तू जेवून घे."