फाटकापुढचा रोलर

नाही साहेब, हात लावायचा नाही म्हणजे नाहीच. ढकलायचासुद्धा नाही. वकिलांना मी विचारून घेतलंय — उतारावर हा आपोआप घसरला आणि मी नुसता शेजारून चालत असलो, तरी चालवणंच धरतील म्हणाले. तुमचं फाटक अडलंय, गाडी आत कोंडलीय, पाच महिने सव्वीस दिवस तुम्ही बसनं जाताय, हे मला दिसत नाही का? इथंच तर बसलेला असतो मी, रोलरच्या सावलीला. क्रेनवाला आला, वजन विचारलं आणि चहा पिऊन गेला. आता चारच दिवस राहिले. गुरुवारी माझा परवाना परत मिळतोय. एवढं सोसलंत, चार दिवसांनी काय होतंय?

आणि मी दारुडा नव्हे हो. दाढ ठणकत होती. डांबर टाकणाऱ्यांतला एकजण म्हणाला, काका, हा घोट दाढेवर धरा आणि थुंकून टाका. धरला. पण थुंकणार कुठं? — पुढं ताजं डांबर, मागं मी नुकताच दाबून गुळगुळीत केलेला रस्ता. एकतीस वर्षं रस्ते दाबतोय, आपल्या रस्त्यावर कधी थुंकलो नाही. गिळला. दाढ ऐकेना, म्हणून दुसरा धरला — तोही गिळला. असे किती झाले ते त्या दाढेलाच ठाऊक. तेवढ्यात भर दुपारी हवालदार आला, चालतच आला, आणि मला गाठून पुढं गेला. मग वळून थांबा म्हणाला, इथंच, तुमच्या फाटकापुढं. यंत्र तोंडाशी धरलं, फुंका म्हणाला. मला वाटलं तापलंय, गार करायचंय, म्हणून हळूच फुंकर घातली. त्यानं नुसतं कपाळाला हात लावला.

कोर्टात जज्जबाईंनी विचारलं, वेग किती होता? आमचे वकील म्हणाले, म्हशीएवढा. सगळे हसले, बाई काही हसल्या नाहीत. वाहन ते वाहन, म्हणाल्या. पहिलाच गुन्हा म्हणून तुरुंग नाही — दंड भरा, सहा महिने परवाना जमा, आणि आज कोर्ट उठेपर्यंत इथंच बसा. पुन्हा सापडलात तर मात्र सरळ आत. बसलो. बाई गेल्या, वकील गेले, झाडूवाली येऊन झाडून गेली, मी आपला बसलेलाच. शेवटी शिपाई म्हणाला, काका, तुमची शिक्षा केव्हाच संपली. असेल संपली, पण कुणी सांगायला नको?

हां, दुसरा ड्रायव्हर. आला होता की, दोनदा. माणूस भला होता, घाम गाळला बिचाऱ्यानं. पण तार काढून ठेवल्यावर सुरू कसा होणार — म्हणजे तुटल्यावर. तार तुटल्यावर.

असं बघू नका साहेब. काढली मी. ही काय, खिशात आहे. डेपोत पोचला की याला भंगारात कापणार, कागद निघालाय. कापोत, म्हातारा झालाय, मलाही याच महिन्यात घरी बसवतायत. पण तिथवर मी नेईन म्हटलं. नऊ किलोमीटर आहे, अख्खी सकाळ जाईल, जाऊ दे. एकतीस वर्षं मी हाकला आणि शेवटच्या वाटेला परक्यानं न्यावा? तुम्ही ऑफिसात कळवलंत तर दुपारपर्यंत घेऊन जातील. कळवा, हक्क आहे तुमचा. मी काय बोलणार.

काय म्हणालात? आज? आईंच्या डोळ्याची पट्टी आज काढायचीय? आणि हे तुम्ही आत्ता सांगताय? मी समजलो रोजचंच, कामाला जाताय. बसमधले ते धक्के, ती धूळ, त्यात नुकताच चिरलेला डोळा — छे छे छे.

थांबा. ही तार अशी बसते. झालं. आता चढा वर. मी नाही हो, तुम्ही. परवाना आहे ना तुमच्याकडं? रोलरचा नसेल — पण त्याची शिक्षा वेगळी, ती मला माहीत नाही. दहा पावलं पुढं घ्यायचा, त्या खांबापर्यंत, म्हणजे तुमची गाडी सुटेल. तार मी परत काढून घेतो. पाय इथं ठेवा. हा दांडा हळूच पुढं, घाई करून उपयोग नाही, याला घाई कळतच नाही. आणि एक — जरा खाली वाका. राग मानू नका, पण सकाळपासून काही घेतलं नाहीत ना? फुंका बघू माझ्या तोंडावर.

चहा. बरं.

आता माझ्याशी बोलत बसू नका. समोर बघा.