किसनवर पाळत

हवामानाचा मेसेज खरा असतो, हे आमच्या आबांना पटवून दाखवा! भात कापणीला आलं आणि मोबाइलवर आलं, 'उद्या पाऊस, कापणी थांबवा.'

आबा म्हणाले, "ह्यो शेजारच्या किसनचा डाव. आपन थांबलो की कापनीच्या समद्या बाया त्याला."

सकाळीच आबा बांधावर पाळत ठेवायला गेले, तर पलीकडच्या बांधावर किसनभाऊ आधीच बसलेले.

"आबा, कापनी न्हाई लावली?"

"तुजी कुटं हाय?"

"तुमची दिसली की लावतो."

दोघंही हलेनात. दुपारी धो धो पाऊस आला. कापलेलं भात भिजून कुजलं असतं. उभं होतं म्हणून वाचलं.

मी म्हटलं, "आबा, आता तरी मेसेज पटला?"

"मेसेजचं काय सांगतो? मी किसनवर नजर ठिवली, म्हनून वाचलं!"