सावडीतला ट्रॅक्टर

भागोजी : थांबव! थांबव गो त्याला! मेर ग्येली! माज्या मळ्यातलं पानी चाललं बग सगळं तुज्या मळ्यात!

विमला : थांबवतेच आहे काका, ओरडू नका. हा खटका पुरता बाहेर ओढल्याशिवाय बंद होत नाही तो.

(इंजिन बंद होते.)

भागोजी : माज्या आज्यानं दोन मळ्यांमदी घातल्याली मेर ही. आजपातूर कंदी हलली नाय. आनि ह्या लोखंडानं एका दमात फाडली.

विमला : आधी ते चिखलाचं ढेकूळ द्या इकडे. पाणी अडवू, मग हव्या तेवढ्या शिव्या घाला... हां, इथे दाबा. पायाने दाबा.

भागोजी : मागचा रोटर वर उचलून घ्यायचा, येवढं पन कळत नाय?

विमला : उचललेलाच होता! मेरेवर धक्का बसला आणि रोटरचा दांडा आपोआप खाली आला. त्याला खाली एक पेच आहे, तो आवळून ठेवावा लागतो. हे मला आज कळलं, मेर फुटल्यावर. मिरजोळ्याचा तो शोरूमवाला अख्खी दुपार ह्यांच्याशी बोलत होता, माझ्याकडे पाठ करून. मी मागून विचारलं, दांडा वरच राहावा म्हणून काय करायचं? तर उत्तर कुणाला दिलं? ह्यांना! आणि हे दुसऱ्या दिवशी रातराणीने मुंबईला. चतुर्थीला येणार, ते पण सुट्टी मिळाली तर.

भागोजी : अगो, इकत गुरुप्रसादानं घेतलान. त्याला नको सांगायला?

विमला : चालवणार कोण? ह्यांचे बैल होते तेव्हा वैरण-पाणी कोण करत होतं? बाळ्या बैल पडला तेव्हा त्याच्याजवळ कोण बसलं होतं? आता बैल नाहीत, हे आहे. हे पण मीच बघायचं.

भागोजी : बगितलं की सगळ्या वाडीनं. सोमवारी चालूच होत नव्हता. चौघांनी ढकलला, तरी ढिम्म. पोट दुकूस्तवर हसली मानसं.

विमला : हसा. तो बंद करायचा खटका ओढलेलाच राहिला होता. तो आत ढकलला नाही तर डिझेलच जात नाही, मग चौघांनी ढकला नाहीतर चाळीस जणांनी. सदूभावजी तर देवाला गाऱ्हाणं घालून मोकळे झाले, ‘बाबा, काय चूकभूल झाली असेल ती पदरात घे!’ चूक खटक्याची, आणि पदर बिचाऱ्या देवाचा.

भागोजी : मग? माजी मेर कंदी बांधून देतंस?

विमला : तुम्हाला मेर दिसली काका. तो तरवा नाही दिसला?

भागोजी : कसला तरवा?

विमला : तिकडे बघा, भाताची रोपं, पाण्यात. काल दुपारी उपटून मुठी बांधून ठेवलाय. एकटीने उपटला. उद्या लावला नाही तर पिवळा पडेल, मग लावून उपयोग नाही. दुसरी दाढ टाकून नवी रोपं उगवायला दिवस कुठे राहिलेत? म्हणजे ह्या वर्षी भात नाही, बस. आणि तुम्ही मला मेरेचं सांगता!

भागोजी : मग लाव की. कुनी धरलाय तुला?

विमला : एकटीने? हा एवढा मळा? तुमचा मळा मी एकटीने लावला? बुधवारी तुमच्याकडे मी होते. त्याच्या आधी सदूभावजींकडे, आत्मारामकडे. पाठीचा काटा ढिला झाला माझा. आज सावडीत माझी पाळी होती. सकाळी भाकऱ्या थापल्या, कुळथाचं पिठलं केलं, वाट बघत बसले. एक माणूस फिरकलं नाही. एक नाही!

भागोजी : मानसांना कामं असतात.

विमला : सावडीच्या दिवशी? आजपर्यंत कधी झालंय असं? शिवाची आई वारली त्या साली सुतकातल्या घराचासुद्धा मळा लावलाय ह्या वाडीने.

भागोजी : ते येगळं गो. तुला आता मशीन हाय. मशीनवाल्याला कशाला हवी सावड? लावूं दे मशीनला.

विमला : मशीन चिखलणी करतं काका, लावणी नाही करत! हे तुम्हाला ठाऊक नाही? लावायला माणसाचा हातच लागतो.

भागोजी : मला काय ठावं? लोक बोलतात.

विमला : लोक? मैनाने सांगितलं मला. आत्मारामच्या पडवीत कोण बोललं? ‘विमलाकडं जायाचं नाय, तिला आता आपली गरज नाय.’ कोणाचा आवाज होता तो?

भागोजी : मैनेच्या जिभेला हाड नाय.

विमला : मैनाचं सोडा. तुम्ही बोललात का नाही?

भागोजी : ... बोललो. व्हय, बोललो! काय चुकलं माजं? तू आज तुजा मळा नांगरतंस. उद्या सदू म्हनंल, माजा पन फिरव. परवा आत्माराम. तासाभरात मळा व्हतोय, मग माजं जोत कोन इचारनार? माज्याच्यान वाकून लावणी व्हत नाय आता. म्हातारी ग्येली. पोरगा बोटीवर. सावडीत मी कशावर हाय? त्या दोन बैलांवर! मी नांगर धरतो, म्हनून चार बाया माज्या मळ्यात येतात. जोत ग्येलं की भागोजी कोन? कुनी नाय.

विमला : मग हे मला सांगायचं होतं! माझ्या घरी येऊन, ओटीवर बसून सांगायचं. मी तुमच्या सुनेसारखी ना? लग्न होऊन आले तेव्हा लावणी तुमच्या बायकोने शिकवली मला, ह्याच मळ्यात. आणि तुम्ही माझं ताट पालथं घालता? माझा तरवा सडवून तुमचे बैल वाचणार आहेत?

भागोजी : तसं नव्हतं गो माज्या मनात.

विमला : तसंच होतं. आणि बघितलं का कधी, हे मशीन काय करतं न् काय नाही? या इकडे. हा कोपरा बघा. इथे वळत नाही ते, चारी कोपरे तसेच राहतात. आणि वरच्या तीन दळ्या, उतारावरचे ते तुकडे? पाखाडीच्या पायऱ्या चढणार आहे हा ट्रॅक्टर? सदूभावजींच्या पाच दळ्या वर आहेत, आत्मारामच्या पण. तिथे कोण जाणार? तुमचे बैलच जाणार ना?

भागोजी : ... कोपरे ऱ्हातात खरे.

विमला : एवढं माझ्याकडे नुसतं येऊन बघितलं असतंत, तर पडवीत बोलायला लागलं नसतं.

भागोजी : बरं बाये. चुकलं. बोलतो आत्मारामला. गुरुप्रसादाचं नाव घालाय सांगतो सावडीत, मशीनसकट.

विमला : गुरुप्रसादाचं?

भागोजी : मग? घरधनी त्यो हाय.

विमला : ते मुंबईत आहेत. त्यांना ह्याचा रिव्हर्स सापडत नाही! जोत धरणाऱ्याकडे दोन बाया जास्त येतात, हीच रीत ना? मग जोत मी धरते, तर मी लावणीवाली एक बाई म्हणून का मोजायची?

भागोजी : बाईच्या नावाचं जोत कंदी झालंय काय?

विमला : बाईने मेर फोडलेली चालते, बोंब मारायला माझंच नाव येतं तोंडात. जोताला तेवढं नाही येत?

भागोजी : आदी ते बाहेर तर काड. बग, रुतलाय. एक चाक ग्येलं आत. माजे बैल आनूया?

विमला : नको. बाजूला व्हा. लांब, आणखी लांब... बघा, हे चाक गरगर फिरतंय आणि ते दुसरं नुसतं उभं. टाचेखाली ही पट्टी आहे. दाबली की दोन्ही चाकं एकदम ओढतात. फक्त तेव्हा वळवायचं नाही, सरळच जायचं.

भागोजी : म्हंजे एक बैल आळशी हाय.

विमला : आहेच. पण पट्टी दाबली की त्याला पण खांदा द्यावाच लागतो.

भागोजी : हळू! हळू... हां. निगाला! निगाला गो! कुनी शिकवलान हे?

विमला : कोणी नाही. परवा रुतला तेव्हा एकेक करून सगळं दाबून बघितलं.

आत्माराम : ओ भागोजीकाका! हितं हाव काय? मी घरी जावन आलो. उद्याची सावड कुनाकडं लावूं? सांगाय फिरतोय.

भागोजी : हितं. ह्या मळ्यात. सगळ्यांना सांग, तरवा उपटल्याला हाय, उजाडता या.

आत्माराम : हितं? पन तुमीच तर परवा...

भागोजी : परवाचं परवा. चुकीचं बोललो मी. जोतं दोन धर. एक माजं, कोपऱ्यांना.

आत्माराम : आनि दुसरं? गुरुप्रसाद आला काय मुंबयवरनं?

भागोजी : नाय आला. दुसरं विमलाचं.

आत्माराम : ... विमलावयनीचं? बरं. मग काका, ते मशीन किती वाजता चालू व्हईल? आनि आमच्या खालच्या मळ्यात कवा येईल?

भागोजी : मला काय इचारतंस? ती हितं उबी हाय. तिला इचार.